सटवाजीच्या नावापुढचा शेरा

प्रथम तारखा. पंधरा अमरदाद, फसली सन १३३६: सटवाजीचा जन्म. अमरदाद १३४६: शाळेत प्रवेश. खुर्दाद १३५५: सरकारी अर्ज भरला. अमरदाद १३५५: अर्ज नामंजूर. शहरेवर १३५५: शाळेच्या दाखल-रजिस्टरात त्याच्या नावापुढे तांबड्या शाईने शेरा. शेरा उर्दूत आहे, तरजुमा माझा: 'विद्यार्थ्याने वय लपविले. दाखला देताना सावधगिरी बाळगावी.' निजामाच्या मुलखात दफ्तर फसली सनावर चाले आणि महिन्यांची नावे अशी इराणी असत. ज्यांना ती परकी वाटतील त्यांनी थोडा धीर धरावा. मी ती पुढे उलगडून सांगणार आहे, कारण झालेला सगळा अन्याय त्या उलगड्यात दडलेला आहे.

आता जबाबदार इसम. पहिला, शाळेच्या दफ्तरातील अहलकार, म्हणजे कारकून. त्याने बेरीज चुकवली. दुसरे, त्या साली बदलून आलेले मुख्याध्यापक. त्यांनी अर्ज न वाचता सही केली. तिसरे, मोहतमीम तालीमात, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षणखात्याचे अधिकारी. आम्ही चूक दाखवून दिल्यावर ती दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी शेरा लिहिण्याचा हुकूम दिला. चौथा, अर्जाची नक्कल मुळाशी ताडून 'मुकाबला केला, बरोबर आहे' असे लिहून सही करणारा साक्षी. तो चौथा इसम मी आहे. माझे वय तेव्हा सतरा होते. अज्ञान मुलाची अशी सही घेणेच बेकायदा होते, परंतु त्या सबबीखाली सुटण्याची माझी इच्छा नाही.

शाळेचे नाव मी येथे लिहीत नाही. ज्यांना उत्तर द्यायचे आहे त्यांना ते ठाऊक आहे. माझी पत्रे त्यांच्याच फायलीत आहेत.

सटवाजी धनगराचा. त्याच्या घरची मेंढरे पावसाळ्यात येलदरीच्या बाजूला, पूर्णेच्या काठच्या माळावर असत. धरण तेव्हा झालेले नव्हते. दिवाळीनंतर कळप गंगाखेडकडे उतरे आणि गोदावरीकाठच्या काळ्या रानांत खतासाठी बसवला जाई. अशा फिरत्या घरातला मुलगा शाळेत यावा हे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. तो आला तेव्हा मी दुसरीत होतो. पहिलीच्या वर्गात गुडघ्याएवढ्या पोरांमागे हा दहा वर्षांचा उंच मुलगा घोंगडीची चौघडी करून बसला. त्याच्या बसण्यात संकोच नव्हता. उशिरा आलेली, गरिबाघरची मुले शाळेत अंग चोरून वावरतात. मीही त्यांतलाच होतो. सटवाजी मात्र असा बसे, की पाहणाऱ्याला वाटावे शाळेने त्याला बोलावणे धाडून आणले आहे.

त्याला दाखल करून घेतले ते जुन्या मोठ्या मास्तरांनी. त्यांना सगळा गाव मौलवीसाहेब म्हणे. सटवाजीचा जन्म कधीचा, असे त्यांनी त्याच्या आईला विचारले. तिला साल माहीत नव्हते. मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, मृगावर एकदा आणि दिवाळीच्या पुढे एकदा. तिने सांगितले, "मिरगाची कातरणी चालू व्हती तवा झाला. तवापून वीस कातरण्या झाल्या." मौलवीसाहेबांनी विसाचे दहा केले, दहा वर्षे मागे गेले, आणि मृगाचा महिना म्हणून अमरदादची पंधरा तारीख लिहिली. गावातल्या निम्म्या मुलांच्या तारखा त्यांनी अंदाजानेच लिहिल्या होत्या. या एका तारखेमागे मात्र मोजदाद होती. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर संपूर्ण रजिस्टरात पुराव्यावर उभी असलेली नोंद बहुधा ती एकच असावी.

दीड वर्षात त्याने दोन इयत्ता एकदम ओलांडून मला गाठले आणि तेथून आम्ही एका वर्गात राहिलो. त्याची एक सवय सांगण्यासारखी आहे. वर्गात शिरला की दारात थांबून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवी आणि सांगे, "दोन कमी हायेत. एक तेल्याचा, एक पाटलाचा धाकटा." तो चुकल्याचे मला आठवत नाही. गणिताच्या मास्तरांनी पुढे हजेरी घेणेच सोडले. ते खुर्चीत बसता बसता विचारीत, "काय रे सटवा, कळप पुरा आहे का?" यात टोमणा होता. सटवाजी टोमण्याला प्रश्न समजून उत्तर देई.

दुसरी सवय मास्तरांना फार जाचे. धडा झाला की तो उभा राही आणि म्हणे, "गुरुजी, ह्ये पुन्यांदा सांगा. मला कळलं न्हाई. मंजी अजून धा जनांला कळलं नसनार."

"तुला नाही कळलं तर ते तुझ्यापुरतं. दहा जणांचं तुला कसं ठाऊक?"

"त्ये गप हायेत ना, म्हनून."

मास्तर पुन्हा सांगत. आम्ही दहाजण खाली मान घालून ऐकत असू. त्या दहांत मी बहुतेक वेळा असे.

सलोतरी होण्याचे, म्हणजे आजच्या भाषेत गुरांचा डॉक्टर होण्याचे, त्याने शाळेत येण्याआधीच ठरवले होते. त्यामागची हकिगत तो स्वतः सांगे. तो आठ वर्षांचा असताना मेंढरांना देवी आल्या. घरच्यांनी तालुक्याला वर्दी दिली. पंधरा दिवसांनी सरकारी सलोतरी टांग्यातून आला. तो टांग्यातून खाली उतरला नाही. वरूनच त्याने दोन मेंढ्या पाहिल्या, कागदावर चार ओळी खरडल्या, कागद बापाच्या हातात दिला आणि टांगा वळवला. कागद उर्दूत होता. वाड्यावर, मेंढरांच्या कुंपणात, तो वाचू शकेल असे माणूस नव्हते. महिन्याने बाजाराच्या दिवशी तालुक्याला एका अर्जनवीसाने, लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्याने, तो वाचून दाखवला. त्यात लिहिले होते की आजारी मेंढरे ताबडतोब निराळी बांधावीत. तोवर निराळी बांधायला फारशी उरली नव्हती.

ही हकिगत सांगताना त्याचा आवाज कधी चढला नाही. शेवटी तो एवढेच म्हणे, "त्याला इलाज ठावं व्हता, बरं का. मानूस वाईट न्हवता. खाली उतरला न्हाई, येवढंच. मी सलोतरी व्हनार आन् खाली उतरनार."

आम्ही सहावीत असताना मोहतमीम साहेब तपासणीला आले. हे पुढच्या प्रकरणातले मोहतमीम नव्हेत, त्यांच्या आधीचे, स्वभावाने मोकळे गृहस्थ. तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी आम्हाला बजावले होते, की पुढे कोण होणार असे विचारले तर 'तहसीलदार' म्हणायचे. साहेबांनी विचारले. पहिल्या रांगेने तहसीलदार म्हटले, दुसऱ्या रांगेने म्हटले, मीही म्हटले. सटवाजी म्हणाला, "सलोतरी."

साहेब हसले. "तहसीलदार क्यों नहीं, मियाँ? सगळा वर्ग होतोय की."

"म्हनूनच, साहेब. येवढे तहसीलदार तालुक्यात बसायचे कुठं?"

वर्गात खसखस पिकली. मास्तरांचा चेहरा उतरला. साहेबांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "आणि खरं कारण?"

"तहसीलदार आला की लोक मेंढरं लपिवतेत, चराई लागंल म्हनून. सलोतरी आला तं बाहीर काढून दावतील. मला दावलेली मेंढरं बघायची हायेत."

साहेबांनी शेरेबुकात काय लिहिले ते मला माहीत नाही. जाताना त्यांनी मौलवीसाहेबांना सांगितलेले मात्र मी ऐकले: ह्या मुलावर लक्ष ठेवा. मौलवीसाहेब म्हणाले, "हुजूर, तोच आमच्यावर ठेवतो."

त्या सुमारास सटवाजी मौलवीसाहेबांच्या पडवीत राहू लागला होता. घरचा कळप गंगाखेडकडे गेला की त्याला तालुक्यात कोणी नसे. राहण्याच्या बदल्यात तो त्यांच्या शेळ्या पाही. एकदा एका शेळीचे पोट फुगले. ती आडवी होऊन पाय झाडू लागली. मौलवीसाहेबांच्या घरात रडारड झाली, कारण तिच्या दुधावर त्यांची आजारी नात होती. सटवाजी परीक्षेला निघाला होता. तो परतला. त्याने शेळीचे पुढचे पाय पायरीवर टेकवून तिला उभी धरली, गोडे तेल पाजले, डाव्या कुशीला चोळत राहिला आणि तासाभराने तिला अंगणात चालवले. शेळी वाचली. भूगोलाचा पेपर बुडाला.

मौलवीसाहेबांनी त्याला त्या दिवसापासून 'डाक्टरसाब' म्हणायला सुरुवात केली. दुसरा कोणी असता तर फुगला असता. सटवाजीने त्यांना अडवले. "आताच नगा म्हनू, साहेब. पोट उतरलं खरं. का उतरलं ते मला ठावं न्हाई. बाप करतो तसं केलं. तेल आत जाऊन काय करतं, ते ज्याला ठावं त्यो डाक्टर. ते कुठं शिकिवतेत ते सांगा."

त्याच्या आत्मविश्वासाचे स्वरूप यातून ध्यानात यावे. मला सगळे येते, असे तो कधी म्हणाला नाही. मला काय येत नाही हे मला नेमके ठाऊक आहे आणि ते शिकण्याची माझी कुवत आहे, असा त्याचा पवित्रा असे. पुढे चाळीस वर्षे मी न्यायालयांत वावरलो. असा पवित्रा घेणारे मला वकिलांत दोन भेटले, न्यायाधीशांत एक.

शाळेविषयी त्याची मते कडक होती आणि ती तो मास्तरांसमोर बोलून दाखवी. त्याचे म्हणणे असे, की शाळेत पाठांतर खूप आणि हात लावायला काही नाही. आम्हाला वनस्पतीच्या पानाचे भाग पाठ करायला होते. त्याने शाळेच्या कुंपणावरचे पान तोडून आणले आणि मास्तरांना म्हणाला, ह्याच्यात दाखवा. मास्तरांनी पुस्तकातले चित्र दाखवले. तो म्हणाला, "चित्र मला येतं. पान येत न्हाई." त्याला उर्दू माध्यम जड गेले, पण त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही, सलोतऱ्याचा कागद ज्या भाषेत होता ती भाषा त्याला यायलाच हवी होती. तक्रार त्याने एकाच गोष्टीची केली. "शाळा पोरं आत घ्याला समद्या गावात दवंडी पिटती," तो म्हणे, "पन इथून म्होरं कुन्या वाटंनं जायचं, ते इचारलं की समदे एकमेकाकडं बघायलेत."

ती वाट अखेर दिसली. आम्ही मॅट्रिकला बसलो त्या साली सरकारने जाहीर केले की प्रत्येक जिल्ह्यातून एक विद्यार्थी ब्रिटिश मुलखातील पशुवैद्यकाच्या शाळेत सरकारी खर्चाने पाठवला जाईल. अटी दोन होत्या. मॅट्रिकची परीक्षा दिलेली असावी, आणि एकोणीसशे शेहेचाळीसच्या एक जुलैला उमेदवाराचे वय वीस वर्षांहून अधिक नसावे. परभणी जिल्ह्यातून सटवाजीइतका लायक उमेदवार दुसरा नव्हता, आणि हे बाहेरच्या लोकांनाही मान्य होते. मौलवीसाहेबांची बदली बीदरला झाली होती. त्यांनी तेथून शिफारशीचे पत्र धाडले.

अर्जावर जन्मतारीख इसवी सनात मागितली होती, कारण ती शाळा फसली सन मानीत नव्हती. अहलकाराने रजिस्टर उघडले. पंधरा अमरदाद तेराशे छत्तीस. त्याने ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि लिहिले: वीस जून एकोणीसशे सव्वीस. नक्कल ताडून पाहायला अक्षर चांगले म्हणून मला बोलावले होते. मी विचारले, "मुन्शीजी, साल कसं काढलं?"

"पाचशे नव्वद मिळवायचे. झाली इसवी. हाताखालून शेकड्यांनी गेलेत, तू आम्हाला शिकवू नकोस."

मी मनात पडताळा घेतला. माझा स्वतःचा जन्म दै तेराशे अडतीसचा. पाचशे नव्वद मिळवले की एकोणीसशे अठ्ठावीस येते, आणि माझ्या पत्रिकेत नोव्हेंबर अठ्ठावीसच आहे. नियम बरोबर निघाला. मी 'मुकाबला केला, बरोबर आहे' असे लिहिले आणि सही केली. ती सही आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. वळणदार आहे.

जूनमध्ये उत्तर आले: वय अकरा दिवसांनी अधिक. नामंजूर.

सटवाजी मला घेऊन परभणीला गेला. नवे मोहतमीम मेजामागे बसलेले होते आणि आमचा अहलकार आधीच तेथे पोचून भिंतीशी उभा होता. सटवाजी म्हणाला, "साहेब, मी एकुनीस वर्साचा हाय. वीसचा न्हाई. ह्या मिरगाला अडतीस कातरण्या झाल्या. वीस वर्सं असती तं चाळीस झाल्या असत्या."

मोहतमीमांनी अहलकाराकडे पाहिले. अहलकार म्हणाला, "हुजूर, सरकारी हिसाब मेंढरांच्या लोकरीवर चालत नाही."

"नक्कल कोणी ताडली?" मोहतमीमांनी विचारले. मी पुढे झालो. "बरोबर होती?"

"होय," मी म्हणालो. मला तेव्हा तसे वाटत होते. सत्य समजून केलेले ते खोटे विधान होते. कायदा त्याला शिक्षा करीत नाही.

परतीची मोटार चुकली. आम्ही पायी निघालो. मी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. सटवाजी मात्र चालता चालता हिशेब करीत होता. एका बाभळीखाली पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्याने विचारले, "तुजा जल्म कंच्या म्हैन्याचा?"

"दै."

"दै मंजी साल लागल्यावर दुसराच. माझा अमरदाद, मंजी साल सरायला आलेलं." त्याने काठीने धुळीत एक लांब रेघ ओढली, फसली सालाची, ऑक्टोबरपासून ऑक्टोबरपर्यंत. मग तिच्यावर एक छेद मारला. "हितं जानेवारी. इंग्रजाचं साल हितं बदलतं. आपलं बदलत न्हाई. तू छेदाच्या अलीकडं, मी पलीकडं. तुला पाचशे नव्वद. मला?"

मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. पाचशे एक्याण्णव. तेराशे छत्तीस अधिक पाचशे एक्याण्णव: एकोणीसशे सत्तावीस. तो एकोणीस वर्षांचाच होता. जानेवारीनंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आमचा अहलकार आजवर एका वर्षाने थोराड करीत आला होता. कोणाचे त्यामुळे अडले नव्हते, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

मला रडू आले. सटवाजी उलट खूश झाला होता. "घावलं," तो म्हणाला. "चूक घावली की निम्मं काम झालं. चल माघारी."

आम्ही माघारी गेलो. दुसऱ्या दिवशी मोहतमीमांपुढे त्याने तीच रेघ कागदावर ओढून दाखवली. मोहतमीम बुद्धिमान होते. त्यांना ती एका नजरेत समजली, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचले आणि आजही शपथेवर सांगेन. परंतु दुसऱ्या उमेदवाराचे नाव हैदराबादला गेले होते. चूक कबूल करायची तर आपल्या सहीने चुकीच्या सालाचा अर्ज पुढे गेला हे वर कळवावे लागले असते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि सांगितले की चौकशी होईल.

चौकशी झाली. अहलकाराने लेखी जबाब दिला, की अर्जातील साल बरोबर असून रजिस्टरातील साल आईबापांनी प्रवेशाच्या वेळी मुद्दाम एकाने कमी सांगितले. म्हणजे अर्ज खरा ठरवण्यासाठी रजिस्टर खोटे ठरवले गेले, आणि बेरजेतील चूक एका धनगरणीच्या तोंडी घातली गेली. ती माउली साल सांगूच शकत नव्हती, हे कोणी विचारात घेतले नाही. नऊ वर्षांनंतर निघणाऱ्या जाहिरातीसाठी ती दहा वर्षांच्या मुलाचे वय लपवते, हेही कोणाला चमत्कारिक वाटले नाही. मुख्याध्यापकांनी सही केली. मोहतमीमांनी हुकूम दिला. तांबडी शाई शाळेतच होती.

पुढची दोन वर्षे जिल्ह्याची कशी गेली ते माझ्या पिढीला सांगण्याची गरज नाही. रझाकारांच्या दिवसांत सटवाजीने आपले आणि शेजारच्या वाड्यांचे कळप सरहद्द ओलांडून वऱ्हाडात नेले. तेथल्या एका गुरांच्या दवाखान्यात तो आधी झाडलोटीला लागला, मग मलमपट्टीला. निजामाचे राज्य संपले त्याच्या पुढच्या महिन्यात तो शाळेत आला. दवाखान्याचे डॉक्टर त्याला ड्रेसरच्या परीक्षेला बसवणार होते आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मी बरोबर गेलो. भिंतीवरची तसबीर बदलली होती. अहलकार तोच होता.

त्याने दाखला लिहिला आणि नियमाप्रमाणे रजिस्टरातला शेराही खाली उतरवला. सटवाजी म्हणाला, "मुन्शीजी, वाचून दावा."

अहलकाराने पुटपुटत वाचले.

"जरा मोठ्यानं. हा वकील व्हनार हाय, ह्याला बी ऐकू जाऊ द्या."

अहलकाराने पुन्हा वाचले. मी सटवाजीला बाजूला घेऊन सांगितले, "हा दाखला घेऊ नकोस. घेतलास तर शेरा मान्य केल्यासारखं होईल. आपण आधी नव्या सरकारकडे दुरुस्तीचा अर्ज करू."

"किती दिस लागतील?"

"महिना, दोन महिने."

"मंग अर्ज तू कर. माझी परीक्षा धा दिसांवर आली." त्याने दाखल्याची घडी घालून ती मुंडाशात खोचली. "मी हाय तसा दावतो. आधी शेरा दावीन, मंग नाव सांगीन. म्हनीन, ह्ये लिहून बी मी आलो हाय. आता माझं काम बघा."

"आणि कोणी विश्वास ठेवला नाही तर?"

"इस्वास मान्सं ठिवत्यात. मी जनावरांला हात लावनार हाय."

शाळेच्या आवारात अहलकाराची शेळी बांधलेली होती. पुढचा उजवा पाय ती टेकत नव्हती. सटवाजी तिच्याजवळून गेला, दोन पावले पुढे जाऊन थांबला आणि परत आला. खाली बसला. खूर हातात धरून त्याने वास घेतला, कंबरेचा चाकू काढून सडलेला भाग कोरला, पिशवीतून मोरचुदाची पुडी काढून पाण्यात कालवली आणि लावली. शेळी आधी झटके देत होती, मग उभी राहिली. अहलकार खिडकीत येऊन पाहत होता. त्याला बाहेर यायला झाले नाही. सटवाजीने मान वर न करता सांगितले, "मुन्शीजी, चार दिस हिला वल्यात बांधू नगा. पुडी ओट्यावर ठिवली हाय. उद्या आन् परवा लावा." हात मातीला पुसून तो उठला आणि स्टेशनच्या रस्त्याने चालू लागला. उंच माणूस, फाटकातून बाहेर पडताना त्याला वाकावे लागले. वाकला तो लगेच सरळ झाला आणि झपाझप दिसेनासा झाला. मी त्याला पाहिले ते शेवटचे.

अर्ज मी त्याच आठवड्यात केला. नंतर दरवर्षी केला. उत्तरे माझ्याकडे तारीखवार लावून ठेवलेली आहेत: प्रकरण जुने आहे, संबंधित दफ्तर उर्दूत आहे, संबंधित व्यक्तीने स्वतः अर्ज करावा, सदर रजिस्टर जीर्ण आहे. रजिस्टर जीर्ण नाही. मागच्या महिन्यात मी ते शाळेत जाऊन पाहिले. बाकीची शाई फिकी पडली आहे, तांबडी तशीच आहे.

म्हणून मी त्या शाळेचे आजचे मुख्याध्यापक आणि जिल्ह्याचे आजचे शिक्षणाधिकारी, दोघांनाही येथे जाहीरपणे विचारतो. पंधरा अमरदाद तेराशे छत्तीस ही तारीख इसवीच्या कोणत्या सालात पडते? एकोणीसशे सव्वीस म्हणत असाल तर हिशेब छापून दाखवा. सत्तावीस म्हणत असाल, तर सटवाजीच्या आईने खोटे सांगितले हे विधान तुमच्या रजिस्टरात आजही कोणाच्या अधिकारात उभे आहे, ते सांगा. उत्तर मला खासगी पत्राने नको. शेरा उघड लिहिला गेला. उत्तरही वर्तमानपत्रात, नावानिशी, सहीनिशी द्यावे. चौघा जबाबदार इसमांपैकी हयात असलेल्याने आपला जबाब वर दिला आहे. आता तुमचा द्या.